अक्षरांची पंगत

लग्नघरी, आगगाडीच्या लांबच्या प्रवासात किंवा कोजागरीचे दूध आटेपर्यंत ज्यांनी भेंड्या खेळल्या आहेत, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ‘कुठलेही एक गाणे म्हणा’ असे म्हटले, की ज्याला त्याला नेहमीचीच चार गाणी आठवतात, आणि त्यांतली दोन मागच्या खेपेला म्हणून झालेली असतात. पण समोरच्या पक्षाने ‘झ’ देऊन विजयी मुद्रेने पाहिले आणि आकडे मोजायला सुरुवात केली, की कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या आजी एकाएकी तोंड उघडतात आणि परकरी वयात भोंडल्याला म्हटलेले एक गाणे अख्खे म्हणून दाखवतात. ते गाणे त्यांच्याजवळ इतकी वर्षे होतेच. त्यांच्याकडे ते कोणी मागितले नव्हते इतकेच. ‘झ’ने ते मागितले.

गाण्यांचे जे, तेच पुस्तकांचे. आपल्या घरातले पुस्तकांचे कपाट एकदा उघडून पाहा. ‘मृत्युंजय’ असेल, ‘स्वामी’ असेल, पु. लं.ची पाचसात असतील, ‘श्यामची आई’च्या दोन प्रती असतील, कारण एक शाळेच्या बक्षिसाची आणि एक मुंजीतल्या आहेराची. सारी चांगली पुस्तके आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु शेजारच्या बिऱ्हाडातले कपाट उघडले तर तिथेही हीच मंडळी हारीने उभी असलेली दिसतील. ग्रंथालयात गेलो तरी आपण म्हणतो, ‘मागच्या वेळी दिलेत ना, त्याच्यासारखेच एखादे द्या.’ हल्ली तर ग्रंथपालाला तसे सांगण्याचेही श्रम उरले नाहीत. खिशातला मोबाईल आपणहूनच सांगतो, की तुम्हांला अमुक आवडले आहे, तेव्हा तमुकही आवडेल. आवडीच्या माणसाकडे आवडीची माणसेच जेवायला येत राहिली, तर घर भरलेले दिसते. पण दारावरून कोण कोण गेले हे त्या घराला कधी कळत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. तो जगात इतरत्र वाचनवेड्या मंडळींत खेळ म्हणून रूढ आहे, आणि आपल्याकडे तो नेम म्हणून चालावा असा आहे. महिन्याला वर्णमालेतले एक अक्षर घ्यायचे आणि त्या महिन्यात त्या अक्षराचे निदान एक पुस्तक वाचायचे. एवढेच. चातुर्मासात आपल्याकडे कोणी वांगे सोडतो, कोणी एकवेळ जेवतो, कोणी रोज देवापुढे शंभर वाती लावतो. त्या नेमांच्या मानाने हा फारच सुखाचा आहे. यात सोडायचे काहीच नाही, घ्यायचे मात्र आहे.

शिवाय हा नेम मराठीला जसा बसतो तसा इंग्रजीलाही बसत नाही. इंग्रजीची अक्षरे सव्वीस आणि महिने बारा. तिकडच्या लोकांना महिन्याला दोन-दोन अक्षरे वाटून द्यावी लागतात आणि तरी दोन उरतातच. आपण पाटीवर गिरवलेली मुळाक्षरे मोजून पाहा. ‘अ’पासून ‘अः’पर्यंत स्वर बारा, ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत व्यंजने छत्तीस. एकूण ४८. महिन्याला एक याप्रमाणे बरोबर चार वर्षे. पहिले वर्ष स्वरांचे, पुढची तीन व्यंजनांची. अलीकडे वर्णमालेत येऊन बसलेले ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे दोन पाहुणे हवे तर अधिक महिन्यांसाठी राखून ठेवावेत.

नेम म्हटला की त्याचे नियम आले. ते थोडक्यात सांगतो. पुस्तकाच्या नावाचे पहिले अक्षर धरायचे. काना, मात्रा, वेलांटी यांकडे पाहायचे नाही; ‘कोसला’ हा ‘क’चाच. जोडाक्षर असेल तर पहिले व्यंजन धरायचे. म्हणजे ‘श्यामची आई’ ‘श’मध्ये, ‘स्मृतिचित्रे’ ‘स’मध्ये आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’ ‘व’मध्ये. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे असली तरी बालपणापासून आपण त्यांना स्वतंत्र घर दिले आहे, तेव्हा ते मोडू नये. आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात सापडतो ही गोष्ट खरी, पण आपण कोश रचायला बसलो नाही. पुस्तकाच्या नावाने अडले, तर लेखकाच्या आडनावाचे अक्षर चालेल. आणि अक्षर एकदा ठरले की महिना संपेपर्यंत ते बदलायचे नाही. या शेवटच्या नियमातच सगळी मौज आहे.

आता कोणी म्हणेल, ‘अहो, पुस्तक काय अक्षरावरून निवडायचे असते? गुणावरून निवडावे, विषयावरून निवडावे, निदान लेखकावरून तरी निवडावे!’ आक्षेप बरोबर आहे. पण ज्या घरात मुलाचे नाव नक्षत्राच्या चरणावरून आलेल्या अक्षराने ठेवतात आणि मग त्याच अक्षराची पन्नास नावे धुंडाळून त्यांतले गोड नाव निवडतात, त्या घराने हा आक्षेप घेऊ नये. अक्षर निवड करीत नाही. ते फक्त कुठल्या रांगेत पाहायचे ते सांगते. निवड आपणच करायची असते. फरक एवढाच, की ती रांग आपण लावलेली नसते.

ती रांग कशी लागते हे ‘ब’च्या महिन्यात नीट दिसते. ग्रंथालयातली अकारविल्हे यादी काढून ‘ब’वर बोट ठेवा. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), ‘बनगरवाडी’ (१९५५), ‘बलुतं’ (१९७८), ‘बहिणाबाईंची गाणी’ (१९५२). चौघेही एकापाठोपाठ एक. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, दया पवार आणि बहिणाबाई चौधरी. या चौघांना एका पंगतीला बसवण्याचे एरवी कोणाच्या मनात आले असते? चाळीतली मंडळी आपल्या ओळखीची. त्यांच्याशेजारी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नोकरीला आलेला कोवळा शाळामास्तर, जो दुष्काळाने ती वाडी ओस पडताना पाहतो. त्याच्याशेजारी महारवाड्यातला दगडू मारुती पवार. त्याच्याशेजारी खानदेशातली, अक्षरओळख नसलेली, १९५१ साली निवर्तलेली आणि त्यानंतर वर्षभराने छापील पुस्तकातून महाराष्ट्राला भेटलेली एक शेतकरी बाई. यादी करणाऱ्याने यांची जात विचारली नाही, गाव विचारले नाही, शिक्षण विचारले नाही. नावाचे पहिले अक्षर पाहिले आणि पाट मांडला.

आपल्या आवडीला पंक्तिभेद असतो. ते आपण मुद्दाम करतो असे नाही. ज्या घरात जन्मलो, ज्या शाळेत शिकलो, ज्या मास्तरांनी वाचायला लावले, त्यांनी तो आपल्या नकळत घालून दिलेला असतो. आपली माणसे आतल्या पंगतीला, बाकीची बाहेर अंगणात. ‘त्या प्रकारचे साहित्य आम्ही नाही फारसे वाचत,’ असे कोणी सहज बोलून जातो तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नसते. पण अंगणातली पंगत त्याने पाहिलेली नसते, हेही तितकेच खरे. अक्षराला आतले आणि बाहेरचे कळत नाही.

समजा, ‘ब’चा महिना चालू आहे. आजोबांनी ‘बटाट्याची चाळ’ चौथ्यांदा काढली आहे आणि वाचता वाचता एकटेच हसत आहेत. कॉलेजात जाणाऱ्या नातीच्या हाती ‘बलुतं’ आहे. जेवताना ती विचारते, ‘आबा, तुम्ही गिरगावात राहत होता ना? मग हा कावाखाना कुठेसा आला हो?’ आजोबांनी उभा जन्म मुंबईत काढलेला. ट्रामचे सारे मार्ग त्यांना अजून पाठ आहेत. पण कावाखाना? ‘ऐकल्यासारखा वाटतो खरा,’ एवढेच ते म्हणू शकतात. त्याच मुंबईत, त्याच काळात, चाळीपासून फारशा दूर नसलेल्या त्या वस्तीत दया पवारांचे बालपणाचे दिवस गेले. चाळ खरी आणि कावाखानाही खरा. दोन्ही वाचल्याखेरीज मुंबई वाचली असे म्हणता येणार नाही. आणि गंमत अशी, की आजोबांनी दुसऱ्या दिवशी ‘बलुतं’ हाती घेतले म्हणून त्यांची चाळ काही कमी गोड होत नाही. उलट तिचा पत्ता अधिक नेमका कळतो.

‘अ’चा महिना घ्या. पु. लं.ची ‘अपूर्वाई’ (१९६०) म्हणजे विलायतेच्या प्रवासाची हकिकत. ती आपल्या घरांत किती आवडीने वाचली गेली हे सांगायला नको. त्याच अक्षरावर शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) उभे आहे. एक माणूस जग पाहायला निघाला आहे. दुसऱ्याला बापाचे नाव काय लावायचे याच प्रश्नाने शाळेच्या दारात अडवून धरले आहे. ‘इ’ला हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) आहे. कोकणातल्या एका गावात हिंदू आणि मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात आणि मग ते गाव कसे पेटते, हे दलवाईंनी आतून पाहून लिहिले. दलवाईंची भाषणे आणि चळवळ पुष्कळांना ठाऊक असते, पण त्यांनी कादंबरी लिहिली होती हे सांगितले की ऐकणारा चकित होतो. ‘इ’ला पुस्तके थोडी, म्हणून ती हाती लागते.

‘उ’चा महिना मात्र वर्षातला सर्वांत मोलाचा ठरेल, आणि त्या महिन्यात एकाऐवजी तीन पुस्तके वाचावीत अशी शिफारस आहे. पहिले श्री. म. माटे यांचे ‘उपेक्षितांचे अंतरंग’ (१९४१). दुसरे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०). तिसरे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७). वाचायची ती याच क्रमाने. माटे मास्तर पुण्याचे. अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले, त्यांच्यात वावरले आणि मग त्यांच्यातल्या माणसांच्या कथा कळवळ्याने लिहिल्या. त्या काळी असे लिहायला मन मोठे लागे. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी माने आले. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी घरात जन्मलेल्या या माणसाने स्वतःचे अंतरंग स्वतःच सांगितले. मग गायकवाड आले. इंग्रज सरकारने ज्या जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला होता, त्यांतल्या एका घरची कथा त्यांनी लिहिली. तिन्ही पुस्तके एकाच महिन्यात वाचली, की एक गोष्ट कोणी न सांगता समजते. दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून आत पाहणारा कितीही सहृदय असला, तरी चुलीचा धूर डोळ्यांत गेलेला माणूस जे सांगेल ते त्याला सांगता येत नाही. माट्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. खिडकीपाशी तरी आधी कोणी गेले होते, हेही त्याच महिन्यात कळते.

‘आ’ आईचा. अंकलिपीतले हे वाक्य कोणाच्या मनातून कधी पुसले जात नाही, आणि योगायोग असा, की याच अक्षरावर बायकांनी लिहिलेली तीन आत्मकथने एका रांगेत सापडतात. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). रमाबाईंच्या वेळी घरच्या बायकांच्या डोळ्यांसमोर पुस्तक हाती धरणे हाच अपराध होता. सुनीताबाईंच्या वेळी शिक्षणाचा प्रश्न उरला नव्हता. लोकांच्या लाडक्या माणसाशी संसार करताना स्वतःचे काय उरते, हा प्रश्न होता. ऊर्मिलाताईंच्या आईने आयदाने विणली, म्हणजे बुरुडकाम केले, आणि मुलांना शिकवले. या तिघींत शंभर वर्षांचे अंतर नाही, ९३ आहे. सासू, सून आणि नात यांनी ही तीन पुस्तके वाटून घेतली आणि महिनाअखेर बदलून घेतली, तर त्या घरात नंतर जे बोलणे निघेल ते भाजीच्या भावाचे नसेल.

आता अवघड अक्षरांकडे वळू. भेंड्यांत ‘ण’ आला की ‘न’वर भागवतात आणि ‘ळ’ आला की ‘ल’वर. इथे तशी सवलत द्यायची नाही. अंकलिपीने या अनाथ अक्षरांची सोय केव्हाच लावून ठेवली आहे. कुठलाही शब्द ‘ण’ने सुरू होत नाही, म्हणून तिने ‘ण’ बाणातला घेतला आणि ‘ळ’ बाळातला. आपणही तसेच करावे. नावाच्या पोटात ते अक्षर शोधावे. ‘ण’च्या महिन्यात मग विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) हाती येते. तिच्या नावात ‘ण’ एकदा नव्हे, दोनदा आहे. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा आणि चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण यांची ती कथा. दुसरे महायुद्ध जेमतेम सुरू होत होते, त्या वर्षी मराठीत ती लिहिली गेली हे आजही नवल वाटण्यासारखे आहे. ‘ळ’ला जी. ए. कुलकर्णी यांचा ‘पिंगळावेळ’ (१९७७) आहे. त्यातही ‘ळ’ दोनदा.

‘अः’चे काय करायचे? ‘अः’ म्हणजे विसर्ग. तेव्हा ज्याच्या नावात विसर्ग आहे असे पुस्तक घ्यायचे. विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या महिन्यासाठीच जणू थांबून राहिले आहे. शिकलेल्या, मिळवत्या झालेल्या, पण लग्नाच्या बाजारात अडलेल्या मुलींच्या मनात काय चालते, ते या लहानशा पुस्तकाने इतके स्पष्ट सांगितले, की महाराष्ट्रात वादळ उठले. ही विभावरी कोण, बाई की पुरुष, याचीच चर्चा घरोघर झाली. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. आणि मालतीबाई म्हणजे ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांच्या पत्नी! ज्या दोन अक्षरांना स्वतःचा एकही शब्द नाही, त्यांनी शोधून आणलेली दोन पुस्तके एकाच घरातली निघावीत, हा योग कुठल्याही ज्योतिषाला जुळवता आला नसता.

‘ष’च्या महिन्यात ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) वाचावी. ‘पुरुष’ या शब्दात ‘ष’ आहे आणि पुस्तकात त्याच पुरुषाची कडक हजेरी आहे. ‘ङ’ मिळेल ‘वाङ्मया’त, म्हणून त्या महिन्यात पु. लं.चा ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ घेऊन खुशाल हसावे. ‘ञ’ सगळ्यांत दडलेला. तो ‘ज्ञ’च्या पोटात असतो, कारण ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज्’ आणि ‘ञ’. तेव्हा ‘ञ’ आणि ‘ज्ञ’ असे दोन्ही महिने एका ‘ज्ञानेश्वरी’ला द्यावेत. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेला ग्रंथ दोन महिन्यांत पुरा होणार नाही. पण सुरू तर होईल. ‘क्ष’ला शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’ आहे. ‘ठ’ला नाव सापडले नाही तर आडनाव घ्या: प्रबोधनकार ठाकरे यांची ‘माझी जीवनगाथा’. ‘ढ’ला रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’. ब्राह्मी लिपीपासून आजवर ‘ढ’चे वळण फारसे बदलले नाही, म्हणून वर्गात पुढे न सरकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात असे सांगतात. त्या अक्षराने ढेऱ्यांसारखा विद्वान द्यावा, हा त्याने आपल्या बदनामीवर उगवलेला सूडच म्हणायचा.

अशी यादी अपुरी वाटली, तर तुमच्या गावचे जुने ग्रंथालय आहेच. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. आपल्या पणजोबांच्या पिढीने वर्गणी काढून उभ्या केलेल्या या संस्था. शंकर गणेश दाते यांनी तर १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी पुस्तकांची सूची सिद्ध करण्यात उमेदीची वर्षे घातली. त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ चाळताना कळते, की आपण ज्याला मराठी साहित्य म्हणतो ते त्या महासागराचे ओंजळभर पाणी आहे.

हा नेम घरात चालवायचा कसा? अक्षर सर्वांना एकच द्यावे, पुस्तक मात्र ज्याचे त्याने निवडावे. ‘फ’च्या महिन्यात वडिलांनी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) वाचावी आणि मुलाने भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. दोन्ही नायक धावतात, दोघांच्याही जिवाला घोर असतो. कोण कशासाठी धावतो हे बापलेकांनी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकमेकांना सांगावे. ‘य’च्या महिन्यात आईने खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) काढली, तर मुलीने बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) शोधून आणावी. विधवांच्या हालांवर लिहिलेली ही कादंबरी ‘ययाति’च्या १०२ वर्षे आधीची आहे. ‘श’ला आजीने ‘श्यामची आई’ वाचावी. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. नातवाने महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावा. तो १८८३ सालचा. एकाच कोकण-देशाच्या मातीतली ही दोन पुस्तके. एक रडवते, दुसरे जाब विचारते. घराला दोन्हींची गरज असते.

पुस्तक पसंत पडले नाही तर? पन्नास पाने धीर धरावा. मग खुशाल मिटावे आणि त्याच अक्षराचे दुसरे घ्यावे. अक्षर सोडू नये. एखाद्या पुस्तकातली भाषा कानाला खरखरीत लागेल, शिव्या येतील, चार माणसांत मोठ्याने वाचू नये असे प्रसंग येतील. लहान मुलांच्या हाती काय द्यायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहावेच. पण मोठ्यांनी मात्र ‘हे आपल्यासाठी नाही’ असे पहिल्याच पानावर म्हणू नये. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या नावातच तो माणूस सांगतो आहे, की राहायला खोली आणि शेजाऱ्याचे प्रेम मिळवण्यासाठी त्याला काय लपवावे लागले. ज्यांच्यापासून ते लपवावे लागले त्यांत आपणही कुठे असू, एवढा विचार मनात आला तरी ‘ज’चा महिना कारणी लागला.

खर्चाची काळजी नको. नवे पुस्तक महिन्याला एकच घ्यावे. बाकीची ग्रंथालयातून, मित्रांच्या कपाटातून आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून. उसने आणलेले मात्र परत करावे. याबाबतीत आपल्या समाजाचा लौकिक फारसा चांगला नाही.

पाडव्याला व्यापारी नवी वही पुजतात, पहिल्या पानावर हळदकुंकू वाहतात आणि मग वर्षभराचा हिशेब त्या वहीत उतरतो. यंदा आपल्याही घरी एक वही आणावी, साधी शाळेची चालेल. तिच्या एका पानावर एक अक्षर, अशी ४८ पाने आखावीत. पुस्तक, लेखक, वाचणाऱ्याचे नाव आणि एक ओळ मत. घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून ‘अ’ गिरवून घ्यावा आणि पहिल्या महिन्याला सुरुवात करावी. चार पाडवे उलटले की वही भरेल. तेव्हा ती पुन्हा पहिल्या पानापासून उघडून पाहावी: आपल्या पंगतीला या चार वर्षांत कोण कोण येऊन जेवून गेले, आणि अजून कोणाचे पान मांडायचे राहिले आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाच्या ताटाशेजारी एक पुस्तक ठेवायला विसरू नये. फक्त चकलीचे तेलकट बोट पानाला लावू नये.